सव्वाआठ इंची स्केटबोर्ड, गणपती ते पहिला पाऊस: वापरानंतरचा अनुभव

आधी आकडे देतो, म्हणजे ज्यांना तेवढेच हवेत त्यांची सुटका. डेक (उभं राहायची लाकडी फळी) ८.२५ इंच रुंद, ३२ इंच लांब, सात थरांचं कॅनेडियन मेपल. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ट्रकमधलं अंतर) १४.२५ इंच. ट्रक (डेकखालचे धातूचे सांधे) इंडिपेंडंट कंपनीचे, १४४ नंबर. चाकं ५४ मिलिमीटरची, कडकपणा ९९ए (आकडा जितका मोठा तितकं चाक कडक). माझं वजन ७४ किलो, बूट ९ नंबरचा, आणि वय असं की पार्कातली पोरं न विचारता 'काका' म्हणतात. गेल्या गणपतीत हा बोर्ड जोडला, तो परवाच्या पहिल्या पावसापर्यंत चालवला. त्याआधी भाच्याचा जुना पावणेआठ इंची बोर्ड हाताशी (पायाशी म्हणा) होता. मधल्या काळात एका मित्राचा साडेआठचा बोर्डही भरपूर वापरून झाला. म्हणजे तीन रुंद्या, एकच माणूस, तेच पार्किंग आणि तेच रॅम्प.

माझं मत सरळ आहे. डेकच्या रुंदीवर लोक जेवढा काथ्याकूट करतात, त्याच्या निम्मं डोकं ट्रक आणि चाकांवर खर्च केलं तर आपल्याकडच्या जमिनीवर स्केटिंग कितीतरी सुखाचं होईल. रुंदी महत्त्वाची आहेच, नाही असं नाही. पण ती पहिली पायरी आहे आणि बहुतेक जण तिथेच बसून राहतात.

उंचीचं आधी संपवतो. खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न 'उंची किती?' सायकल घ्यायला गेल्यासारखा. ऑनलाइन विक्रीच्या पानांवर तर लांबी ठळक अक्षरात असते आणि रुंदी शोधावी लागते. मोठ्या माणसांच्या नेहमीच्या डेकची लांबी ३१ ते ३२.५ इंचांत असते, आणि ती सहसा रुंदीबरोबरच वाढते, वेगळी निवडावी लागत नाही. पाच फुटाचा माणूस आणि सहा फुटाचा माणूस एकाच लांबीच्या बोर्डवर आरामात खेळतात. लहान मुलांचं मात्र वेगळं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला २८-२९ इंच लांब आणि सव्वासात ते साडेसात इंच रुंद बोर्ड द्यावा. 'वाढत्या अंगाचा' म्हणून मोठ्यांचा बोर्ड घेतला तर पोराला त्याची शेपटी (मागचं वर वळलेलं टोक) दाबताच येत नाही, आणि दोन महिन्यांत बोर्ड माळ्यावर जातो.

आता रुंदी. बूट धरून माझा पाय साधारण ३० सेंटिमीटर. पावणेआठ इंच म्हणजे १९.७ सेंटिमीटर, सव्वाआठ म्हणजे जवळजवळ २१. फरक जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा, कागदावर हसू यावं असा. पण पाय आडवा ठेवला की लहान बोर्डवर पुढेमागे मिळून दहा सेंटिमीटर बूट हवेत असतो, आणि उडी मारून खाली येताना टाच बाहेर पडली की बोर्ड लगेच कलतो. सव्वाआठवर तीच उडी थोडी वाकडी आली तरी निभावते. ऑलीच्या (बोर्डसकट मारायच्या साध्या उडीच्या) बाबतीत मला रुंदीचा तोटा काहीच जाणवला नाही. किकफ्लिपला, म्हणजे हवेत बोर्ड पायाने गरकन उलटवायच्या युक्तीला, जाणवला. रुंद डेक स्वतःभोवती फिरायला जास्त वेळ घेतो, कारण त्याचं वजन अक्षापासून लांब असतं. पावणेआठवर पायाच्या नुसत्या टिचकीने जे व्हायचं, त्याला आता नीट झटका द्यावा लागतो. पहिले काही आठवडे बोर्ड अर्धाच फिरून उलटा पडायचा आणि नडगी सोलली जायची. मग पायाला सवय झाली. साडेआठवर मात्र माझी किकफ्लिप कधीच धड झाली नाही. तिथे शव्हिट बरी, ज्यात बोर्ड जमिनीला समांतर फिरतो आणि रुंदी तितकी आड येत नाही.

ज्यांना सपाट जमिनीवर फ्लिपचेच प्रकार करायचेत, पाय ७ नंबरच्या आतला आहे, त्यांनी ७.७५ ते ८ मध्ये राहावं. पार्कात एक कॉलेजचा मुलगा आहे, हलका, चपळ, सगळं आठ इंचीवर करतो. मला म्हणाला, "काका, एवढा रुंद कशाला? जेवायला बसायचंय का त्यावर?" पण रॅम्पवरून ड्रॉप इन करायच्या (वरच्या कडेवरून थेट उतारात शिरायच्या) वेळी तोच माझा बोर्ड मागून घेतो.

कारण रॅम्पवर हिशेब उलटा होतो. वेग जास्त, उतार तीव्र, बोर्ड पायाखालून फिरवायची गरज कमी आणि पाय घट्ट टेकलेला असण्याची गरज जास्त. तिथे ८.२५ ते ८.७५, काही जण त्याहूनही रुंद. हे आजचं नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत हा खेळ रिकाम्या जलतरण तलावांत आणि उंच रॅम्पवर रंगायचा तेव्हा बोर्ड दहा इंचांच्या आसपास असायचे. नव्वदच्या सुरुवातीला पोरं रस्त्यावर आली, फ्लिपचं वेड लागलं आणि डेक साडेसात इंचांपर्यंत अरुंद झाले, चाकं तर चाळीस मिलिमीटरच्या घरात गेली. पुढे हळूहळू रुंदी परत वाढली आणि आज आठ-सव्वाआठ हे सर्वांचं मधलं माप झालंय. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं तेव्हा 'स्ट्रीट' आणि 'पार्क' असे दोन वेगळे प्रकार ठेवले होते. दोन्ही सामने पुन्हा बघा. एकात पायऱ्या, कठडे, रेलिंग. दुसऱ्यात वाडग्यासारखे खोल उतार. आपल्याला कोणत्या प्रकारचं वेड आहे ते कळलं की माप आपोआप कळतं. आपल्याकडे पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं ते स्ट्रीटमध्ये. त्यानंतर आमच्या सोसायटीतल्या दोन आयांनी मला मुलींसाठी बोर्डबद्दल विचारलं. हा लेख खरं तर त्यांच्यामुळेच लिहायला घेतला.

ट्रकबद्दल मात्र कुणीच विचारत नाही. ट्रक म्हणजे डेकखालचा धातूचा सांधा, ज्यावर चाकं बसतात. नियम एकच: ट्रकच्या अ‍ॅक्सलची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी डेकच्या रुंदीएवढी हवी, पाव इंच इकडेतिकडे चालतं. इंडिपेंडंटमध्ये १३९ नंबरचा अ‍ॅक्सल आठ इंची, १४४ चा सव्वाआठ, १४९ चा साडेआठ. दुसऱ्या कंपन्यांचे नंबर वेगळ्या पद्धतीने येतात, त्यामुळे नंबर पाठ करण्यात अर्थ नाही. अ‍ॅक्सलची लांबी इंचांत बघा. भाच्याच्या जुन्या ट्रकवर मी सव्वाआठचा डेक मुद्दाम बसवून पाहिला. चाकं डेकच्या खूप आत गेली, कडेवर भार पडला की बोर्ड सी-सॉसारखा कलायचा आणि वळताना चाक डेकला घासून करकचून थांबायचं. याला व्हीलबाइट म्हणतात. चालू वेगात हे झालं की माणूस पुढे आणि बोर्ड मागे. उलट केलं, म्हणजे अरुंद डेकला रुंद ट्रक, तर चाकं बाहेर येतात आणि ढकलताना मागचा पाय त्यांवर आपटतो. तेव्हा डेक बदलून रुंदी वाढवायची असेल तर ट्रकचा खर्चही त्याच वेळी धरा. तो वाया जात नाही. डेक काही महिन्यांत घासून संपतो, ट्रक वर्षानुवर्षं चालतात.

व्हीलबेस म्हणजे दोन्ही ट्रकच्या आतल्या बोल्टमधलं अंतर. बहुतेक डेकवर ते १४ ते १४.५ इंच असतं. कमी असेल तर बोर्ड पटकन वळतो आणि शेपटीवर उचलायला हलका लागतो. जास्त असेल तर वेगात स्थिर राहतो. मला १४.२५ पार्किंगमध्ये योग्य वाटला, रॅम्पवर थोडा आखूड. उंच माणसाला व्हीलबेस लांब हवा असं म्हणतात आणि ते पटतं. उंचीचा संबंध कुठे असलाच तर इथे आहे, डेकच्या लांबीत नाही.

आणि आता चाकं. परदेशी व्हिडिओ बघून लोक ५२ मिलिमीटर, १०१ए घेतात आणि पुण्यातल्या रस्त्यावर उतरतात. दात हलतात अक्षरशः. आमच्या सोसायटीत तीन प्रकारची जमीन आहे. तळघरातलं पार्किंग ट्रिमिक्स काँक्रीटचं, गुळगुळीत, तिथे ९९ए चाक लोण्यासारखं जातं. वर गेटजवळ चेकर्ड टाइल्स, तिथे सगळं अंग थरथरतं. आणि बाहेर फूटपाथला पेव्हर ब्लॉक, ज्यांच्या फटीत ५२ चं चाक अडकून बोर्ड जागीच थांबतो. ५४ चं चाक त्या फटी बऱ्यापैकी ओलांडतं, पण आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा खिडकीत येतात. त्यांचा राग मला समजतो.

कडक चाकाचं काम वेगळं आहे. ते कठड्यावर आणि रॅम्पवर सरकतं, वळवलं की घसरतं, जमिनीवर आपटलं की बोर्डला उसळी मिळते. मऊ चाक, ७८ए वगैरे, खडे आणि फटी पोटात घेतं, पण सरकत नाही आणि उसळी खाऊन टाकतं. मी ६० मिलिमीटरची ७८ए चाकं वेगळी घेऊन ठेवली. बसवताना डेक आणि ट्रकच्या मध्ये ३ मिलिमीटरची रायझर पट्टी टाकावी लागली, नाहीतर मोठं चाक डेकला घासतं. रायझर टाकला की एक इंची बोल्ट पुरत नाहीत, सव्वा इंची घ्या. हा जोड घेऊन मी पहाटे दूध आणायला, स्टेशनला जायला बोर्ड वापरला आणि त्या मापाचा बोर्ड रस्त्यावर किती शांत चालतो हे कळलं. मुंबईला गेलो की कार्टर रोडच्या स्केटपार्कसाठी मात्र परत ५४ची कडक चाकं. ज्याला फक्त फिरायचंय, युक्त्या करायच्याच नाहीत, त्याने डेकच्या रुंदीचा विचार सोडावा आणि थेट मोठ्या मऊ चाकांचा क्रूझर घ्यावा.

हे अदलाबदल करताना एक अडचण येते ती सांगून ठेवतो. स्केटबोर्डचे नट इंची मापाचे असतात. चाकाच्या नटला घरातला १३ चा पाना चालतो. डेकच्या बोल्टच्या नटला १० चा किंचित सैल बसतो, पण भागतं. ट्रकच्या मधल्या किंगपिनचा (मोठ्या बोल्टचा) नट मात्र ९/१६ इंचाचा, त्याला १४ चा पाना बसत नाही आणि १५ चा गोल फिरतो. ट्रक सैल-घट्ट करणं हाच तर मापाचा अर्धा खेळ आहे, त्यामुळे टी आकाराचा स्केट टूल बोर्डसोबतच घ्या. बेअरिंग सगळीकडे ६०८ नंबरचीच असतात, हार्डवेअरच्या दुकानातही मिळतात. पाकिटावर एबेक ७, एबेक ९ लिहिलेलं बघून जास्त पैसे देऊ नका, तो आकडा बेअरिंगच्या घडणीतल्या अचूकतेचा आहे, उड्यांचा नाही.

झीज किती झाली? शेपटी चांगलीच घासली, कडेला धार आली, तिथले दोन थर दिसू लागलेत. मागच्या ट्रकच्या बोल्टभोवती केसाएवढी भेग आहे, पण ती वाढलेली नाही. उसळी दिवाळीनंतर होती त्याच्या मानाने कमी झाली. मग तो पाऊस. पार्किंगच्या उतारावर पाणी होतं, बोर्ड त्यातून गेला आणि रात्रभर तसाच भिंतीला टेकून राहिला. मेपलचे थर गोंदाने चिकटवलेले असतात, पाणी आत शिरलं की कडा फुगते आणि लाकूड मऊ पडतं. बेअरिंग काढून रॉकेलमध्ये धुतली, वाळवली, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब टाकला, आठातली सात पुन्हा फिरू लागली. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर नवीन डेक उघडूच नये, हवेतली ओलही पुरते.

आमच्या सोसायटीतल्या त्या दोन मुलींपैकी धाकटी आठ वर्षांची आहे, तिला साडेसात इंची सांगितलाय. थोरली तेरा वर्षांची, बूट ५ नंबरचा, तिला आठ इंची डेक, १३९ ट्रक आणि ५३ ची चाकं. तिला स्ट्रीट करायचंय आणि कोणी काही म्हणालं तरी रॅम्पवर जायचं नाहीये, तेव्हा तिला सव्वाआठ गळ्यात बांधण्यात अर्थ नव्हता. मी स्वतः पाऊस थांबला की डेक बदलणार. रुंदी तीच, व्हीलबेस १४.५ करून बघायचाय. ट्रक आणि दोन्ही जोडी चाकं हीच राहतील, फक्त बोल्ट नवे, जुने गंजलेत.