मॉन्टेसरीतून थेट चौथीत, एका शाळेचा रिव्ह्यू

मुलगी आधी मॉन्टेसरीत, 6 ते 9 वयाच्या मिश्र वर्गात होती, चौथीपासून नेहमीच्या शाळेत घातलं. शाळेचं नाव देत नाहीये, पण असा बदल करणाऱ्या पालकांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

अभ्यास झेपेल का याचं टेन्शन होतं, तो आरामात झेपला. त्रास झाला तो बेलचा. मॉन्टेसरीत सलग तीन तास मूल स्वतः निवडलेलं काम करतं, मध्ये कोणी उठवत नाही. इथे 35 मिनिटांचा पिरियड, गणित जरा रंगात आलं की वही मिटा आणि इतिहास काढा. सुरुवातीला ती घरी येऊन अर्धवट राहिलेली गणितं सोडवत बसायची, होमवर्क नसलं तरी.

दुसरं म्हणजे परवानगी. शब्द अडला म्हणून ही तास चालू असताना उठली, कपाटातून डिक्शनरी घेऊन आली, आणि डायरीत शेरा, "न विचारता जागेवरून उठते". तिला कळेचना चुकलं काय, कारण आधी सगळं साहित्य हाताला येईल असं ठेवलेलं, हवं ते घ्या आणि झालं की जागेवर ठेवा हाच नियम. "आई, पाणी प्यायला पण विचारायचं?" असं विचारत होती, काय सांगणार.

क्लासटीचरना मात्र पैकीच्या पैकी मार्क. मी भेटायला गेले तर बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि लगेच डिक्शनरी मागच्या टेबलवर आणून ठेवली, म्हणाल्या, कोणीही उठून बघा, फक्त मी शिकवत असताना नाही. शिस्तही राहिली आणि पोरीचा मानही. गुणाकाराचंही तसंच, ही चेकरबोर्ड नावाच्या मॉन्टेसरी साधनाच्या रंगीत चौकटींवर मणी मांडून मोठमोठे गुणाकार शिकलेली, त्यामुळे पेपरात उत्तर बरोबर पण स्टेप्स नाहीत म्हणून मार्क कापले. बाईंनी तिची रीत आधी फळ्यावर सगळ्यांना दाखवायला लावली, मग शेजारी बसून उभी मांडणी करून घेतली. रडारड नाही काही नाही.

अजिबात आवडला नाही तो भिंतीवरचा स्टारचा तक्ता. शांत बसलं की स्टार, वही नीट असली की स्टार. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं की आवडीने सोडवायच्या कोड्याला पैसे दिले आणि मग बंद केले की आपणहून सोडवायची ओढ कमी होते. आमच्याकडे पानंच्या पानं गोष्टी लिहिणारी मुलगी "याला स्टार मिळेल का" विचारायला लागली, ते ऐकून फार वाईट वाटलं. प्रिन्सिपलना बोलले तर उत्तर आलं, नियम सगळ्यांना सारखा. मला नाही पटलं.

एक चांगलं, अ‍ॅडमिशनच्या आधी तिला एक दिवस वर्गात बसू दिलं. तुम्ही कुठेही जा, हे नक्की मागा आणि रिझल्टपेक्षा क्लासटीचरशी बोला. पुढच्या वर्षी बाई बदलणार, कोण येणार ते ऑफिस अजून सांगत नाही, म्हणून सध्या पाचपैकी साडेतीन.