दरपत्रकावरून दुधाचे दर भरताना: पोस्टग्रेसच्या 'अपडेट-फ्रॉम'चा आठ महिन्यांचा अनुभव

आमचं काम ११ गावांतल्या दूध संस्थांचा हिशोब ठेवण्याचं. साधारण १,४०० सभासद, सकाळ-संध्याकाळ दूध, दर दहा दिवसांनी बिल. म्हणजे एका बिलात २५ हजारांच्या आसपास नोंदी येतात. प्रत्येक नोंदीत लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) असतं आणि दर मात्र दुसऱ्या टेबलात, दरपत्रकात असतो. संकलनाच्या टेबलातला दर दरपत्रकाच्या टेबलावरून भरायचा, एवढंच काम. ते आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसच्या 'अपडेट-फ्रॉम'ने करतो, म्हणजे एका टेबलावरून दुसरं टेबल बदलणाऱ्या आज्ञेने. पण सभासदाच्या खात्यावर पडणारा प्रत्येक रुपया याच एका कामातून जातो. म्हणून आठ महिने वापरल्यावर सविस्तर लिहितो आहे.

दर एकदाच भरून का चालत नाही, हे दूध धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी सांगतो. दर सारखा बदलतो, आणि बऱ्याचदा मागच्या तारखेपासून बदलतो. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरतात, त्याच्या वर-खाली प्रत्येक पॉइंटला रुपये-पैसे वाढतात किंवा कापले जातात. पायाच हलला की अख्खं दरपत्रक हलतं. २०२४ चंच बघा. जुलैपासून ३० रुपये दर आणि ५ रुपये अनुदान होतं, ऑक्टोबरपासून २८ रुपये दर आणि ७ रुपये अनुदान झालं. असं नवं दरपत्रक हातात येईपर्यंत चार-पाच दिवसांचं दूध जुन्या दराने नोंदलेलं असतं. त्या सगळ्या नोंदी उलटून नव्या दराने भराव्या लागतात.

आधी आमचा प्रोग्राम एकेक नोंद उचलायचा, दरपत्रकात दर शोधायचा आणि ती नोंद अपडेट करायचा. २५ हजार नोंदींना २५ हजार फेऱ्या. मध्येच नेट गेलं की अर्धं गाव नव्या दराने, अर्धं जुन्या दराने. कोणतं अर्धं, ते शोधण्यात रात्र जायची. पोस्टग्रेसच्या १६ व्या आवृत्तीवर आल्यापासून तेच काम एका वाक्यात होतं:

अपडेट संकलन स
सेट दर = द.दर, रक्कम = राउंड(स.लिटर * द.दर, २)
फ्रॉम दरपत्रक द
व्हेअर द.प्रकार = स.प्रकार
अँड द.फॅट = स.फॅट
अँड द.एसएनएफ = स.एसएनएफ
अँड स.तारीख बिटवीन द.पासून अँड द.पर्यंत
अँड स.बिल_क्रमांक = चालू बिलाचा क्रमांक

(इथे देवनागरीत लिहिलं आहे, चालवताना अर्थातच इंग्रजी कीवर्ड.) वेळेचं म्हणाल तर वीस मिनिटांचं काम काही सेकंदांवर आलं. पण मला वेळेपेक्षा मोठी वाटलेली गोष्ट वेगळी आहे. झालं तर पूर्ण होतं, नाही तर काहीच होत नाही. अर्धवट बिल हा प्रकारच संपला, आणि नुसत्या एवढ्यासाठीसुद्धा मी हे सोडणार नाही.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवरून येणाऱ्यांनी थोडी सवय मोडायची तयारी ठेवावी. तिथे अपडेट, मग जॉइन (दोन टेबलं जोडणं), मग सेट असा क्रम असतो. इथे सेट आधी येतं, फ्रॉम नंतर. आणि सेटच्या डावीकडे कॉलमच्या आधी टेबलाचं नाव लावायचं नाही. 'स.दर =' लिहिलं की एरर. ही एरर चांगली, कारण ती लगेच दिसते. खरी धास्ती त्या चुकीची आहे जी एरर देत नाही. एसक्यूएल सर्व्हर या आणखी एका डेटाबेसवर काम केलेला आमचा एक मुलगा सवयीने फ्रॉमनंतर पुन्हा संकलन टेबलाचंच नाव एलियास (टोपणनाव) लावून लिहून गेला. तिकडे ते चालतं, तीच पद्धत आहे. पोस्टग्रेस मात्र ते दुसरं संकलन टेबल समजतो, आणि दोघांना जोडणारी अट नसेल तर बिलाची अट त्या दुसऱ्यालाच लागते. त्या दिवशी टेस्टच्या कॉपीवर फक्त चालू बिलाच्याच नव्हे, टेबलातली प्रत्येक नोंद बदलली, मागच्या वर्षाचीसुद्धा. कॉपी होती म्हणून निभावलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, ज्या टेबलाला अपडेट करायचं ते फ्रॉममध्ये दिसलं तर वाक्य चालवायचंच नाही, आधी दुसऱ्याला दाखवायचं.

पहिल्या महिन्यातला एक प्रसंग सांगतो, कारण त्यातून मी सर्वांत जास्त शिकलो. ट्रान्झॅक्शन उघडून (म्हणजे पक्कं करेपर्यंत बदल मागे घेता येतो) वाक्य चालवलं. २५ हजारांच्या जागी उत्तर आलं, अपडेट ५,११२. दर न मिळालेल्या नोंदींचा फॅट काढून बघितला तर ३.६, ३.७, ३.८, ४.१, ४.३ अशा. दर मिळालेल्या बघितल्या तर सगळ्या ३.५, ४.०, ४.५ अशा. एकही अपवाद नाही. दरपत्रकात ३.७ ची ओळ डोळ्यांसमोर होती, तरी जुळत नव्हती.

कारण साधं निघालं. फॅट मोजणाऱ्या मशीनवरून येणारा आकडा आम्ही 'रिअल' प्रकारच्या कॉलमात घेत होतो, आणि दरपत्रकातला फॅट 'न्यूमरिक', म्हणजे दशांश नेमका साठवणारा, होता. रिअलमध्ये आकडा बायनरीत साठतो. ३.५ म्हणजे साडेतीन, तो बायनरीत नेमका बसतो. ३.७ बसत नाही, तो ३.७००००००५ च्या आसपास काहीतरी होतो. स्क्रीनवर ३.७ च दिसतो, पण बरोबरीच्या चिन्हाला तो ३.७ वाटत नाही. पूर्ण आणि साडे एवढेच जुळले, बाकी सगळे गळले. कॉलमचा प्रकार बदलून एकूण तीन अंकी, दशांशानंतर एक, असा न्यूमरिक केला आणि त्याच क्षणी सगळ्या नोंदी जुळल्या. ज्यांच्याकडे वजन, फॅट, डिग्री असलं काही रिअलमध्ये आहे आणि त्यावर जॉइन आहे, त्यांनी आजच तपासावं. माझी कळकळीची विनंती आहे.

हा घोळ मला दिसला तो केवळ मी आकडा वाचला म्हणून. जुळणारी ओळ सापडली नाही तर 'अपडेट-फ्रॉम' तक्रार करत नाही, ती नोंद आहे तशी सोडून देतो. जुना दर तिथेच राहतो आणि तो रिकामा नसल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. आमच्या एका दरपत्रकात गायीचा फॅट ४.९ पर्यंतच होता, आणि एका घरचं दूध ५.१ चं यायचं. नेमकं चांगलं दूध घालणाराच मागच्या दरात अडकला असता. आता दर भरण्याआधी 'नॉट एक्झिस्ट्स' लावून, ज्यांना दरपत्रकात ओळच नाही अशा नोंदींची यादी काढतो. ती रिकामी असल्याशिवाय पुढे जात नाही.

काही जण फ्रॉम टाळून सेटमध्येच सबक्वेरी (दर शोधणारा आतला प्रश्न) लिहितात. आम्हीही सुरुवातीला लिहायचो. त्यात जुळणी नसेल तर दर नल (रिकामा) होतो, म्हणजे होता तो दरही जातो. दर कॉलमला 'नॉट नल' लावलेलं असेल तर ते अडतं, नाहीतर नाही. तिचा एक गुण मात्र मान्य करतो. दोन ओळी जुळल्या तर ती एरर देऊन थांबते.

'अपडेट-फ्रॉम' थांबत नाही, आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच आहे. एका नोंदीला दरपत्रकातल्या दोन ओळी जुळल्या तर तो त्यातली एक घेतो. कोणती, ते सांगता येत नाही. हे काही लपवलेलं नाही, पोस्टग्रेसच्या कागदपत्रांत स्वच्छ लिहिलेलं आहे. पण कागदपत्रात वाचणं वेगळं आणि बिलात बघणं वेगळं.

झालं असं की ११ तारखेपासून नवं दरपत्रक आलं. आम्ही ते भरलं, पण जुन्या दरपत्रकाची 'पर्यंत'ची तारीख १० करायची राहिली, ती महिनाअखेरच राहिली. ११ ते २० च्या बिलाला प्रत्येक फॅटला दोन दर लागू होते. आम्ही गावागावाने बिल चालवतो. प्रत्येक गावाची नोंदसंख्या वेगळी, त्यामुळे आतला जॉइनचा मार्गही वेगळा, आणि कुठे जुनी ओळ लागली, कुठे नवी. आकडा बरोबर आला, तपासणीची यादी रिकामी आली, कच्ची बिलं सचिवांना गेली. संध्याकाळी एका सचिवांचा फोन आला. "दादा, आमच्याकडं ४.१ ला ३४.६० लागलाय आन् पलीकडच्या गावात ३५.८०. माझी बहीण तिकडं दूध घालती, तिनं विचारलं म्हणून कळलं."

लिटरमागे १ रुपया २० पैसे. दिवसाला २४ लिटर घालणाऱ्या घराला दहा दिवसांत २८८ रुपये. पशुखाद्याची कपात आणि उचल वजा जाऊन जे हातात पडतं, त्यातले २८८. पगार व्हायच्या आधी फोन आला आणि बिलं दुरुस्त झाली. पण बहिणीनं विचारलं नसतं तर आमची एकही तपासणी ते पकडणार नव्हती, हे मला आजही टोचतं.

त्यावर दोन उपाय केले. पहिला उपाय मुळाशी. दरपत्रकाच्या टेबलावर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (एकमेकांवर चढणाऱ्या ओळी नाकारणारी अट) लावला. प्रकार, फॅट, एसएनएफ सारखे आणि तारखांचे पल्ले एकमेकांवर चढत असतील तर दुसरी ओळ टेबलात जाणारच नाही. त्यासाठी बीट्री-जिस्ट हे एक्स्टेन्शन चालू करावं लागतं आणि दोन तारखांचा मिळून डेटरेंज (तारखांचा पल्ला) करावा लागतो. अर्ध्या तासाचं काम आहे. आता जुनं दरपत्रक बंद न करता नवं भरायला गेलं की तिथेच अडतं.

दुसरा उपाय म्हणजे 'मर्ज' ही दुसरी आज्ञा, जी एका टेबलावरून दुसरं टेबल जुळवून बदलते. पोस्टग्रेसमध्ये तो १५ व्या आवृत्तीपासून, २०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे. ओरॅकल डेटाबेसवाले तो फार आधीपासून वापरतात. लिहायला थोडा लांबट आहे, पण एकाच नोंदीला दोनदा हात लावायची वेळ आली तर तो एरर देऊन थांबतो. रोजच्या कच्च्या हिशोबाला आम्ही अजून 'अपडेट-फ्रॉम'च वापरतो, तो वाचायला सोपा आहे. पक्कं बिल मात्र आता मर्जनेच होतं. पैशाच्या टेबलाला मी यापुढे दुसरं काही सुचवणार नाही.

दोन ओळी जुळण्याचा असाच एक प्रकार अनुदानाच्या वेळी बघितला. सभासदांच्या टेबलात जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याचे नंबर भरायचे होते. नंबर १२ आकडी. यादी एक्सेलमधून आली होती, आणि एक्सेल १२ आकडी नंबर आपणहून घातांकाच्या रूपात दाखवतो. तशीच सीएसव्ही सेव्ह केली की शेवटचे आकडे कायमचे जातात. शेकडो वेगवेगळे बिल्ले एकाच नंबराचे झाले होते. नंबरावर युनिक कन्स्ट्रेंट (एकच नंबर दोनदा न घेणारी अट) होता म्हणून यादी आत शिरलीच नाही. तेव्हापासून असे नंबर आम्ही टेक्स्ट म्हणूनच घेतो.

वेगाबद्दल थोडं. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे जुन्या ओळीवर खोडून लिहिणं नव्हे. नवी ओळ लिहिली जाते आणि जुनी व्हॅक्यूम (साफसफाई) होईपर्यंत पडून राहते. आम्ही एकाच बिलाला चार-चार वेळा दर भरायचो आणि दर बदललेला नसला तरी २५ हजार नव्या ओळी तयार व्हायच्या. व्हेअरमध्ये 'स.दर इज डिस्टिंक्ट फ्रॉम द.दर' (दोन्ही दर वेगळे असतील तरच) एवढं जोडलं, तर आता फक्त खरोखर बदलणाऱ्या नोंदी लिहिल्या जातात. साधं 'बरोबर नाही' चिन्ह लावू नका, नवीन नोंदीचा दर नल असतो आणि ती वगळली जाते.

सध्या प्रत्येक पक्क्या बिलाआधी जुना दर वेगळ्या कॉलमात ठेवतो, म्हणजे सभासदाला फरकाची पावती देता येते. पोस्टग्रेसच्या १८ व्या आवृत्तीत रिटर्निंगमध्ये (बदललेल्या ओळी परत दाखवणारा भाग) जुनी आणि नवी अशा दोन्ही किमती मिळतात, तेव्हा तो जादा कॉलम काढता येईल. सर्व्हर बदलायचं दिवाळीच्या बिलानंतर ठरवलं आहे. त्याआधी दराला हात लावायची माझी तयारी नाही.