स्वयंपाकघरातला डिजिटल काटा: सात महिने वापरल्यावर

नवऱ्याचा रक्तदाब वाढलेला निघाला तेव्हा आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हाला पहिलाच प्रश्न विचारला, "महिन्याला तेल किती लागतं आणि मीठ किती?" तेलाचं सांगता आलं, मिठाचं नाही. रोजचा स्वयंपाक मीच करते आणि मलाच ठाऊक नव्हतं, हे मनाला फार लागलं. त्याच आठवड्यात हा काटा घेतला. पाच किलोपर्यंत वजन घेतो, एकेक ग्रॅम दाखवतो, वर सपाट काच आहे. पुसायला सोपा.

यातलं सगळ्यात कामाचं म्हणजे आकडा शून्यावर आणणारं बटण. तेल मोजायला मी वेगळं भांडं घेत नाही. बाटलीच काट्यावर ठेवते, बटण दाबते, बाटली उचलून नेहमीच्या हाताने तेल ओतते आणि परत ठेवते. उणे 31 दिसलं की 31 ग्रॅम तेल गेलं. पहिल्या दिवशी नेमका हाच आकडा आला. मी तर छातीठोकपणे सांगितलं असतं की चमचा-दीड चमचाच घातलंय! तेलाच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी, म्हणजे एका भाजीत पावणेतीनशेच्या वर. प्रथिनं आणि पिष्टमय पदार्थ ग्रॅमला 4 कॅलरी देतात, त्यामुळे हात सैल सुटला की तेलाइतकं दुसरं काही महागात पडत नाही. आता त्याच भाजीला मी 15 ग्रॅम घालते. चव कमी झाली असं घरात कोणी म्हटलेलं नाही.

मिठाच्या बाबतीत मात्र काटा कमी पडतो. चिमूट-चिमूट सोडलं तर त्याला कळतच नाही, शून्यच दाखवत राहतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. आम्ही तिघं, म्हणजे 15 ग्रॅमच्या आत. त्यातलं काही पाव, बिस्किटं, सॉस यांतून नकळत पोटात जातंच, म्हणून मी सकाळीच एका डबीत 10 ग्रॅम एकदम मोजून ठेवते आणि दिवसभर त्यातूनच घेते. पाकिटावर मिठाऐवजी सोडियम लिहिलेलं असेल तर त्याला 2.5 ने गुणायचं, मीठ किती ते कळतं.

भाज्या आणि फळं मिळून दिवसाला माणशी 400 ग्रॅम हवीत, आणि बटाटा त्यात धरायचा नाही. आमची ताटं भरलेली दिसायची. मोजलं तर माणशी जेमतेम 230 ग्रॅम निघालं. ते वाढवायला मला दोन महिने लागले.

एक चूक आम्ही केली, ती तुम्ही करू नका. मुलीने शिजवलेलं धान्य मोजलं आणि हिशेब कच्च्याचा लावला. धान्य, कडधान्य शिजताना पाणी पिऊन दुप्पट-तिप्पट जड होतं, त्यामुळे आकडा भलताच फुगला आणि बिचारी दोन दिवस अर्धपोटी जेवली. वजन एक तर कच्च्याचं घ्या, नाही तर शिजवलेल्याचंच कोष्टक बघा.

तक्रार एकच: दोन मिनिटांत काटा आपोआप बंद होतो. बाटली हातात असताना असं झालं की पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं. मोठं पातेलं ठेवलं तर आकडाही झाकला जातो, घेताना हे बघून घ्या.

जेवणाचं ज्याला आधीच दडपण येतं, त्याच्या हाती मात्र हा काटा देऊ नका. मुलगी घास-घास मोजू लागली तेव्हा मी तिचं ताट मोजणं बंदच केलं. आता फक्त तेल, मीठ आणि सुकामेवा काट्यावर चढतो. काटाही ओट्यावरच असतो, कारण कपाटात ठेवला तेव्हा तीन आठवडे कोणी हात लावला नव्हता.

काल रात्री मिठाच्या डबीत 2 ग्रॅम उरलं होतं.