केडीईवरचा फाल्कन: प्लाझ्मात चपखल बसणारा ब्राउझर

परभणीत माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. कॉम्प्युटरवर लिनक्स, त्यावर केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप. पीकविम्याच्या हंगामात दिवसभर सातबारा, पासबुक अपलोड करत बसायचं, आणि जीटीके (खिडक्या-बटणं बनवायचं एक टूलकिट) वरच्या ब्राउझरात फाइल निवडायची खिडकी वेगळीच यायची. माझे रोजचे फोल्डर तिच्यात दिसायचेच नाहीत. फाल्कन हा ब्राउझर मुळात क्यूटीवर, म्हणजे प्लाझ्माच्याच टूलकिटवर बांधलेला, म्हणून खिडकी प्लाझ्माचीच उघडते, डावीकडं माझे फोल्डर. हात कसा भरभर चालतो! हाच पूर्वीचा क्वपझिला. २०१८ मधल्या ३.० आवृत्तीपासून फाल्कन. आधी आत पानं दाखवणारं इंजिन क्यूटीवेबकिट होतं, आता क्यूटीवेबइंजिन, म्हणजे क्रोम ज्यावर बनतो त्या क्रोमियमचाच गाभा. माझी नेहमीची पोर्टलं नीट उघडतात. जाहिराती अडवायची सोय आतच आहे. क्रोमची एक्स्टेन्शनं मात्र चालत नाहीत. ज्यांचं काम त्यांच्यावाचून अडतं, त्यांनी दुसरा ब्राउझर सोबत ठेवावा.