राखेची वीट: खानदेशात घर बांधताना घ्यावी का?

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राची राख जवळ असल्याने जळगाव-भुसावळकडे राखेची वीट सहज मिळते. आमचं मत: घ्या, पण भट्टीवरून आजच निघालेल्या मातीच्या विटेसारखी ताजी उचलू नका. ही वीट भाजलेली नसते, पाणी मारून पिकवलेली असते. किमान 21 दिवसांची हवी. कच्ची लावली की ती भिंतीतच आकसते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते.

गाडी खाली करण्याआधी दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत वाजल्या पाहिजेत. कडा बोटाने चुरत असतील तर गाडी परत. मग पूर्ण वाळलेली वीट वजन करून 24 तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. 3 किलोची वीट 3.6 किलोच्या वर गेली तर माल नाकारा.

आकार एकसारखा, त्यामुळे प्लास्टर 12 मिमीत बसतं. खरी बचत तिथेच. नऊ इंची भिंतीला सिमेंट-वाळूचा 1:6, साडेचार इंचीला 1:4 माल, दर चौथ्या थराला 6 मिमीच्या दोन सळ्या. लावण्याआधी नुसता पाण्याचा शिडकावा. बुडवून ठेवलेली वीट मालावर सरकते. कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर जाळी ठोकल्याशिवाय प्लास्टर नकोच.

एप्रिल-मेच्या उन्हात मात्र गोणपाट गुंडाळून सात दिवस भिंत ओली ठेवा. मिस्त्री सकाळ-संध्याकाळ पाण्यावर भागवतात. दुपारी सांधे कोरडे पडतात आणि माल नखाने निघतो.