प्लेस्टेशन २ वरच्या आरपीजी: आठ महिन्यांच्या वापरानंतर कोणती आधी घ्यावी

जुन्या कन्सोलसाठी आरपीजी (पात्रांना हळूहळू ताकदवान करत लांब कथा पुढे नेणारे खेळ) निवडताना बहुतेक जण कथा कशी आहे आणि चित्रं कशी दिसतात एवढंच विचारतात. आठ महिने प्लेस्टेशन २ वर फक्त याच प्रकारचे खेळ चालवल्यावर वाटतं, पहिला प्रश्न दुसराच हवा. खेळ सेव्ह कुठे करू देतो, आणि हरलं तर किती वेळ पाण्यात जातो? या खेळांत आपोआप सेव्ह होत नाही. पन्नास-साठ तासांचा खेळ लोक अर्ध्यावर सोडतात तेव्हा कथा क्वचितच वाईट असते. दीड तासाची मेहनत एका झटक्यात गेलेली असते आणि पुन्हा तेच करायची इच्छा उरत नाही. आपल्याकडे त्यात वीज जाण्याची भर. म्हणून खालच्या शिफारशी याच निकषावर आहेत.

आधी मेमरी कार्ड. सोनीचं मूळ कार्ड ८ एमबीचं असतं आणि या खेळांच्या सेव्ह फायलींना ते बरेच महिने पुरतं. ३२ किंवा ६४ एमबी लिहिलेली बिननावाची कार्डं स्वस्त मिळतात, पण आरपीजीसाठी ती टाळावीत. काही आठवडे नीट चालतात, मग एके दिवशी कन्सोल ‘डेटा खराब’ म्हणतो किंवा कार्ड ओळखतच नाही. दोन मूळ ८ एमबी कार्डं ठेवणं सगळ्यात भरवशाचं. दर चार-पाच दिवसांनी डिस्क न घालता कन्सोल सुरू करा, कन्सोलच्या स्वतःच्या ‘ब्राउझर’ मेनूमध्ये पहिल्या कार्डावरची फाइल निवडा आणि दुसऱ्यावर कॉपी करा. दोन मिनिटांचं काम आहे. सेव्ह चालू असताना वीज गेली तर तीच फाइल खराब होते, म्हणून प्रत्येक खेळात दोन जागा आलटून पालटून वापरा, एकीवरच पुन्हा पुन्हा लिहू नका.

पहिली शिफारस फायनल फँटसी १०. जपानमध्ये २००१ ला आली, युरोपात २००२ ला. लढाई आळीपाळीने चालते आणि पुढच्या चाली कोणाच्या आहेत ते पडद्याच्या कडेला आधीच दिसतं. त्यामुळे घाई नसते, विचार करायला वेळ मिळतो, आणि हा प्रकार पहिल्यांदाच खेळणाऱ्यालाही पंधरा मिनिटांत गोम कळते. सेव्हचे गोल वाटेत वरचेवर भेटतात आणि त्यांना हात लावला की सगळा चमू बराही होतो. मुख्य कथा चाळीस-पंचेचाळीस तासांत संपते.

भारतात जुन्या बाजारात सापडतात त्या डिस्क बहुतांश पाल विभागाच्या, म्हणजे युरोपीय आवृत्तीच्या. या खेळाच्या पाल आवृत्तीत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि खेळ ५० हर्ट्झवर किंचित संथ चालतो. दोन दिवसांत डोळ्यांना सवय होते. दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. या आवृत्तीत डार्क एऑन नावाचे अतिशय ताकदवान शत्रू आहेत आणि खेळाच्या उत्तरार्धात ते जुन्या जागांच्या वाटा अडवून उभे राहतात. बेसाइडच्या आणि मॅकलेनियाच्या मंदिरातल्या कोड्यांत डिस्ट्रक्शन स्फिअर हा गोळा वापरून जो खजिना मिळतो, तो पहिल्याच फेरीत घ्या. राहिला तर नंतर तो आणायला डार्क एऑनला हरवावं लागतं. सहाही मंदिरांतले हे खजिने घेतल्याशिवाय अनिमा हा एऑन (युना लढाईत बोलावते तो मदतनीस प्राणी) मिळत नाही. होम या ठिकाणची अल भेद या खेळातल्या भाषेची तीन पुस्तकंही तिथून निघण्याआधी उचला, नंतर तिथे परत जाता येत नाही.

सुरुवातीला खेळ स्फिअर ग्रिडचे, म्हणजे पात्रांची ताकद ज्यावर वाढवायची त्या पटाचे, दोन प्रकार समोर ठेवतो. पहिल्यांदा खेळताना साधा ग्रिड घ्या. त्यात प्रत्येक पात्राची वाट ठरलेली असते. एक्स्पर्ट ग्रिडमध्ये सगळे मधूनच निघतात, आणि अनुभव नसेल तर सातही पात्रं सारखीच अर्धवट होऊन बसतात.

या खेळाचा खरा त्रास गगझेट डोंगरावर आहे. सेमूर फ्लक्स या मोठ्या शत्रूशी लढाईच्या अलीकडे सेव्ह मिळतं, पण सेव्ह आणि लढाई यांच्यामध्ये कित्येक मिनिटांचा प्रसंग आहे आणि तो पुढे ढकलता येत नाही. हरलं की तो पुन्हा पाहा. खूप जण इथेच कंटाळतात. म्हणून त्याच्याकडे तयारीनेच जावं: झाँबीपणा उतरवणाऱ्या होली वॉटरच्या दहा-बारा बाटल्या, लुलूकडे बायो हा विषाचा मंत्र, आणि युनाचे दोन-तीन एऑन ओव्हरड्राइव्ह (खास हल्ल्याची पट्टी) भरलेले. सेमूर भाल्याने एखाद्याला झाँबी करतो आणि मग त्याच्यावर फुल-लाइफ हा जिवंत करणारा मंत्र टाकतो. झाँबी असलेल्याला ती संजीवनी मारकच ठरते. त्यामुळे झाँबी झाल्या झाल्या होली वॉटर. बायोचं विष त्याला लागतं आणि दर पाळीला त्याचं रक्त घटत राहतं. मोठ्या हल्ल्याची सूचना आधी मिळते, तेव्हा एऑन पुढे करा, सगळा मार त्याच्यावर जाऊ द्या.

पुढे युनलेस्का या शत्रूच्या वेळी बरोबर उलटं करायचं. तिसऱ्या रूपात ती मेगा डेथ टाकते आणि झाँबी नसलेले सगळे मरतात. म्हणून तिथे किमान एकाला, शक्यतो दोघांना झाँबीच राहू द्या. गगझेटवर जे शिकलात तेच इथे सगळा चमू आडवा करतं. ही रचना अतिशय हुशार आहे, फक्त आधी माहीत नसेल तर दोन-तीन तास खाते.

दुसरी शिफारस ड्रॅगन क्वेस्ट ८. लेव्हल-५ या कंपनीने बनवलेली, जपानमध्ये नोव्हेंबर २००४ ला आलेली, युरोपात २००६ ला. पाल डिस्कच्या नावात आठचा आकडा नाही, वेष्टनावर ‘द जर्नी ऑफ द कर्स्ड किंग’ असं असतं. आकडा शोधत बसलात तर समोरची डिस्क हातातून जाईल. इंग्रजी आवृत्तीत पात्रांना आवाज आणि वाद्यवृंदाचं संगीत आहे. जपानी मूळ आवृत्तीत ते नव्हतं.

हरण्याच्या बाबतीत हा या यादीतला सगळ्यात दयाळू खेळ. सगळा चमू मेला तरी मिळवलेला अनुभव, सामान, उघडलेल्या पेट्या तशाच राहतात. फक्त जवळची निम्मी नाणी जातात. त्यावरही उपाय आहे: बँक. हजाराच्या पटीत पैसे ठेवता येतात आणि ठेवलेल्या पैशांना हात लागत नाही. गुहेत शिरण्याआधी हजारांवरचे हजार बँकेत टाका, सुटे जवळ ठेवा. मात्र सेव्ह फक्त चर्चमध्ये होतं. म्हणजे शत्रूकडून हरणं स्वस्त आणि वीज जाणं महाग. गुहेत तास झाला आणि दिवे लुकलुकायला लागले तर इव्हॅक मंत्राने बाहेर या, झूम मंत्राने गावात जा, सेव्ह करा. ही मंत्रविद्या येईपर्यंत एक-दोन कायमेरा विंग जवळ असू द्या, गावी परतायचं काम त्याही करतात. भारनियमन असलेल्या गावात हा खेळ इन्व्हर्टरशिवाय सुरू करू नका, असंच म्हणेन.

लेव्हल वाढल्यावर मिळणारे कौशल्याचे गुण चारही बाजूंना वाटू नका. प्रत्येक पात्राला एकच हत्यार ठरवून द्या. यांगस या साथीदाराला कुऱ्हाड दिली तर पुढे मेटल स्लाइम हा भरपूर अनुभव देणारा शत्रू मारायला तोच कामाला येतो, कारण त्या स्लाइमवर जादू चालत नाही आणि साधा वार एखाद-दुसरा गुणच काढतो. कुऱ्हाडीचं कौशल्य वाढलं की बसला तर पूर्ण, नाहीतर हुकला, असा वार मिळतो. एका मेटल स्लाइमचा अनुभव डझनभर साध्या लढायांच्या बरोबरीचा असतो.

वस्तू मिसळून नवी वस्तू बनवणारं किमयेचं भांडंही समजून घ्या. त्यात दोन वस्तू टाकल्या की लगेच काही मिळत नाही. चालत राहावं लागतं, मग घंटीसारखा आवाज येतो. म्हणून गावातून निघताना भांडं कधी रिकामं ठेवू नका. खेळ संथ आहे, पल्ले लांब आहेत, साठ-सत्तर तास धरून चाला. पण टेकडीवरून खाली दिसणारं गाव प्रत्यक्ष चालत गाठता येतं, आणि त्या चालण्याचं सुख या कन्सोलवर दुसऱ्या कुठल्या खेळाने इतकं दिलेलं नाही.

तिसरी पर्सोना ४, २००८ ची, युरोपात २००९ ला आलेली. प्लेस्टेशन ३ बाजारात आल्यानंतरचा खेळ, त्यामुळे कित्येकांच्या नजरेतून सुटला. दिवसा शाळा आणि मित्र, दुपारनंतर टीव्हीच्या आतल्या जगात लढाई. इथे नायक मेला की खेळ संपतो, बाकीचे तिघे धडधाकट असले तरी. अंधारकोठडीत मजल्यांवर सेव्ह नाही, फक्त प्रवेशद्वारावर. उपाय गोहो-एम ही वस्तू. शिरोकूच्या दुकानात मिळतं, थेट दाराशी आणून सोडतं आणि पुन्हा आत जाताना गाठलेल्या मजल्यापासून सुरुवात करता येते. बॉसच्या, म्हणजे मुख्य शत्रूच्या, मजल्यावर पोचलात की आधी गोहो-एम, सेव्ह, मगच लढाई. दर वेळी तीन-चार जवळ हवेतच.

जादूची शक्ती सुरुवातीला फार लवकर संपते. कोल्हा पैसे घेऊन ती भरून देतो, पण पहिल्या किल्ल्यात तो नसतो. म्हणून तिथे साध्या शत्रूंवर जादू उधळू नका, कमजोरी शोधा, त्यांना खाली पाडा आणि सगळ्यांनी मिळून हल्ला करा. आत अडकलेल्या माणसाला सोडवायची मुदत हवामानावर असते: सलग पावसानंतर धुकं पडलं की वेळ संपली. रोजचा अंदाज बघत राहा आणि सुटका पहिल्या आठवड्यातच उरका. डिसेंबर सुरू होण्याआधी एक सेव्ह वेगळी ठेवा. रुग्णालयातल्या प्रसंगात घाईने उत्तर दिलं तर कथा अर्धवट संपते. आणि अगदी शेवटच्या दिवशी घरी जाण्याचा पर्याय लगेच निवडू नका, खरा शेवट त्यापलीकडे आहे.

पर्सोना ३ फेसची कथा मला थोडी अधिक भिडते, पण तिची शिफारस चौथ्या भागानंतरच. तिच्यात साथीदारांच्या चाली तुम्ही ठरवू शकत नाही, फक्त धोरण सांगता येतं. मित्सुरू ही साथीदार ऐन लढाईत मारिन कारिन हा कुचकामी मंत्र टाकत राहते हा दोष खराच आहे. त्याच डिस्कवरचा ‘द आन्सर’ हा भाग बराच कठीण आहे आणि तिथे पर्सोनांची (पात्रं लढाईत बोलावतात त्या शक्तींची) नोंदवही मिळत नाही. मुख्य कथा संपल्यावर थांबलात तरी काही बिघडत नाही.

शिन मेगामी टेन्सेई: नॉक्टर्न मात्र शेवटी. पाल विभागात ती ‘लुसिफर्स कॉल’ नावाने आली. शत्रूच्या कमजोरीवर वार केला तर अर्धीच पाळी खर्च होते. त्याला न लागणारा वार केला तर दोन जातात, आणि त्याने वार उलटवला किंवा शोषला तर सगळ्याच. हेच नियम शत्रूलाही लागू आहेत. म्हणून इथे लेव्हलपेक्षा तुमच्या चमूत कोणाला काय लागतं हे मोजावं लागतं. मॅटाडोर या शत्रूच्या भिंतीपाशी बहुतेक डिस्क कायमच्या कपाटात जातात. तो रेड कपोटे या चालीने स्वतःची चपळाई टोकाला नेतो, मग तुमचे वार हुकतात आणि पाळ्या जळतात. त्यासाठी त्याची चपळाई घटवणारं फॉग ब्रेथ किंवा तुमची वाढवणारं सुकुकाजा हवंच. त्याचा माझान हा हल्ला ‘फोर्स’ या जादूच्या प्रकारातला आहे, म्हणून नायकाला त्यापासून वाचवणारा हिफुमी हा मगातामा घाला आणि तुमच्या चमूतला फोर्सची कमजोरी असलेला एकही राक्षस पुढे ठेवू नका. चमूतल्या राक्षसांचं मिश्रण करून नवा राक्षस बनवताना कौशल्यं नशिबाने उतरतात. नको ती आली तर रद्द करून पुन्हा आत जा, यादी बदलते. कंटाळवाणं आहे, पण दहा मिनिटं तिथे घालवली की पुढचे पाच तास सुखाचे जातात.

फायनल फँटसी १२ चांगलीच आहे, फक्त मूळ आवृत्तीत झोडिअ‍ॅक स्पिअर हा ताकदवान भाला हवा असेल तर ठराविक चार पेट्या उघडायच्या नाहीत. त्यातली पहिली लोटाउनमध्ये, ओल्ड डॅलनच्या घराबाहेरच आहे आणि खेळात तसा इशारा कुठेही नाही. सुइकोडेन ५ सुरुवातीचे काही तास रेंगाळते, मग पकड घेते. सुइकोडेन ३ आणि झेनोसागाचा पहिला व तिसरा भाग युरोपात निघालेच नाहीत, तेव्हा पाल कन्सोलसाठी त्यांच्या मागे लागू नका. अमेरिकी डिस्क त्यावर चालत नाही.

कन्सोल जुना घेताना दोन प्रकारच्या डिस्क लावून बघा, एक चंदेरी आणि एक निळ्या पाठीची. चंदेरी डीव्हीडी, निळी सीडी, आणि दोन्हींसाठी लेसर वेगवेगळा असतो, त्यामुळे एक चालते म्हणून दुसरी चालेलच असं नाही. बारीक मॉडेलमध्ये, विशेषतः ७५००० मालिकेत, लेसरची पट्टीसारखी केबल वर उचलली जाऊन डिस्कला गोल ओरखडे पाडते. झाकण उघडून ती सपाट बसली आहे ना हे बघा, वर आली असेल तर चिकटपट्टीने बसवा. चाळीस तास खेळलेली डिस्क अशाने गेली तर तीच पुन्हा मिळणं कठीण असतं.

नव्या टीव्हीला जोडताना स्वस्त एचडीएमआय अडॅप्टर लावल्यावर चित्र हिरवं किंवा गुलाबी आलं तर अडॅप्टर बिघडलेला नसतो. आधी पिवळ्या वायरने जोडा, सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये कंपोनंट व्हिडिओ आउट आरजीबीवरून वाय सीबी/पीबी सीआर/पीआर करा, मग अडॅप्टर लावा. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क याच कन्सोलवर चालतात, पण त्यांना जुनं १५ ब्लॉकचं कार्डच लागतं. प्लेस्टेशन २ च्या कार्डावर ती फाइल नुसती ठेवता येते, खेळ तिथून ती वाचत नाही.