फोनिक्सने इंग्रजीची उजळणी: मराठी शाळेतल्या लेकीबरोबर सात-आठ महिने

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. फोनिक्स म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचायला शिकवायची पद्धत. वाचनासाठी तिला पैकीच्या पैकी, लेखनासाठी जेमतेम पास.

लेक मराठी माध्यमात चौथीत आहे. आमच्या वेळी एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, इंग्रजी पहिलीपासून आलं, त्यामुळे हिची तीन वर्षं आधीच झालेली होती. पुस्तकातला धडा घडाघडा वाचायची. पण त्यातलाच मधला एखादा शब्द बोट ठेवून विचारला की गाडी ठप्प, कारण धडा अख्खा पाठ होता. मग मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा श्रीगणेशा केला. सामान फार नाही: पुठ्ठ्याची कार्डं, चार रेघी वही आणि शब्दांच्या याद्यांचे प्रिंटआउट.

फोनिक्समध्ये अक्षराचा आवाज आधी, नाव नंतर. एबीसीडीच्या क्रमानेही जायचं नाही. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं पहिली, कारण तेवढ्यावर सॅट, पिन, टॅप, टिन, पॅन असे ढीगभर शब्द वाचता येतात. इथे मराठी शाळेतल्या पोरांकडे आयतं भांडवल असतं. बाराखडी अंगवळणी पडलेली असल्यामुळे आवाजाला आवाज जोडून अक्षर होतं, हे वेगळं समजवावं लागत नाही.

पण एक गोम आहे. कितीतरी व्हिडिओंत आणि क्लासमध्ये बी म्हणजे ‘ब’, टी म्हणजे ‘ट’ असं शिकवतात. मग पोर ‘ब-अॅ-ट’ कितीही जोरात म्हटलं तरी त्याची ‘बॅट’ होत नाही, कारण प्रत्येक अक्षराच्या पोटात एक ‘अ’ लपलेला असतो. आम्ही कार्डामागे देवनागरीत पाय मोडून लिहिलं: ब्, ट्, स्. पाय मोडलेलं अक्षर कसं म्हणायचं हे तिला मराठीतून ठाऊक होतंच. त्या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच रंगीत चार्टने पडला नाही. व्ही आणि डब्ल्यूनेही त्रास दिला नाही, कारण व्हॅन आणि वॉच आपण आधीपासून वेगळंच लिहितो. शिप आणि शीप मात्र अजून एकच आहेत. पहिल्या-दुसऱ्या वेलांटीची घरात मराठीतच बोंब, तिथे इंग्रजीला काय दोष द्यायचा?

शेवटच्या गप्प ई वर तर कोर्टच भरलं होतं. कॅपला ई लावला की केप, किटला लावला की काइट. “आई, तो बोलतच नाही तर कशाला उभा केलाय?” मी म्हटलं, तो मागच्या ए ला त्याचं नाव घ्यायला लावतो. हे पटलं. पण लगेच ‘हॅव’ समोर आला आणि माझं स्पष्टीकरण जागच्या जागी आडवं झालं.

अशा हट्टी शब्दांसाठी डॉल्चची यादी वापरली. एडवर्ड डॉल्च या अमेरिकन अभ्यासकाने 1936 मध्ये काढलेली, 220 शब्दांची. यात नामं नाहीत, ती 95 वेगळी आहेत. द, वॉज, सेड, वन असे शब्द आवाज जोडून नीट वाचता येत नाहीत आणि पानोपानी भेटतात. रोज चार-पाच कार्डं फ्रिजवर, येता-जाता वाचायची. कंटाळवाणं आहे, पण दुसरा इलाज सापडला नाही.

खरी प्रगती पाहायला घरच्या घरी दोन चाचण्या घेतल्या. एक ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या सर्वेक्षणाच्या धर्तीवर: मोठी अक्षरं, लहान अक्षरं, सोपे शब्द, मग छोटी वाक्यं, आणि वाचलेल्याचा अर्थ मराठीत सांगायचा. दुसरी चाचणी मला जास्त आवडली. इंग्लंडमध्ये 2012 पासून पहिल्या इयत्तेच्या मुलांना 40 शब्द वाचायला देतात, त्यातले 20 चक्क बनावट असतात आणि शेजारी परग्रहवासीयाचं चित्र असतं. जुन्या प्रश्नपत्रिका तिथल्या सरकारच्या साइटवर फुकट मिळतात. बनावट शब्द पाठ कुठून करणार! लेकीला तो खेळच वाटला, आणि तिला कुठले आवाज येत नाहीत ते मला लगेच कळलं. सीएच, एसएच ठीक होते. ओए आणि एआय दिसले की ती अंदाजपंचे ठोकत होती.

आता लेखन. फोनिक्सने वाचणारं पोर लिहितंही फोनिक्सनेच. ‘के’ने कॅट, ‘एफ’ने फोन. चूक तर्कशुद्ध असते म्हणून रागावताही येत नाही, पण शाळेत लाल गोल पडायचा तो पडतोच. दुसरी अडचण हाताची. मराठी अक्षर वरच्या रेघेला लटकतं, इंग्रजी खालच्या रेघेवर बसतं. ही सुरुवातीला सगळी अक्षरं वरून टांगायची, त्यामुळे पी आणि जी ची शेपटी खाली उतरतच नव्हती. शेवटी वहीतल्या मधल्या दोन रेघांमधली पट्टी पिवळ्या खडूने रंगवून दिली: लहान अक्षराचं पोट पिवळ्यात, शेपटी खालच्या घरात. बी-डी ची अदलाबदल अजून थांबलेली नाही. जोडाक्षरी वळण, म्हणजे कर्सिव्ह, तूर्त शाळेच्या भरवशावर सोडलंय.

पैसे कुठे घालवू नका, तर तयार फ्लॅशकार्डांच्या महागड्या डब्यांवर. सरावाच्या गोष्टींसाठी प्रथम बुक्सची स्टोरीविव्हर ही वेबसाइट आहे. फुकट आहे, गोष्टी अवघडपणानुसार पायऱ्यांत लावलेल्या आहेत आणि बऱ्याच गोष्टी मराठीतही मिळतात. आम्ही पहिल्या पायरीपासून सुरुवात केली, हल्ली दुसरीवरच्या गोष्टी ती एकटी वाचते आणि धाकट्याला मराठीत सांगते, मधे दोन-तीन घटना पदरच्या घालून.

मूल पहिली-दुसरीत असेल आणि मराठी वाचनच अजून कच्चं असेल, तर हे इतक्यात सुरू करू नका. आधी बाराखडी पक्की होऊ द्या. पाचवी-सहावीतलं असेल तर कार्डं दाखवताना ‘हे बाळांचं आहे’ म्हणून नाक मुरडेल. त्याला थेट बनावट शब्दांपासून बसवा.